आधी पट्टी तपासा
चार्टिंगचं सॉफ्टवेअर शिकायला बसलेला माणूस पहिल्याच संध्याकाळी पडद्यावर इंडिकेटरांची जत्रा भरवतो: आरएसआय, एमएसीडी, बोलिंजर बँड, वर तीन-तीन मूव्हिंग अ‍ॅव्हरेज. भाव मात्र त्या गर्दीत हरवलेला. माझं म्हणणं, आधी हे सगळं पुसा आणि भावाच्या पट्टीवर लॉग स्केल निवडा. सेन्सेक्सचा १९७८-७९ च्या १०० या पायापासूनचा आलेख साध्या पट्टीवर पाहिला, तर हर्षद मेहता प्रकरणाचा हाहाकार दिसतच नाही. तळाशी जेमतेम एक उंचवटा. एप्रिल १९९२ मध्ये साडेचार हजारांच्या आसपास असलेला निर्देशांक वर्षभरात निम्म्यावर आला होता, पण आजच्या आकड्यांपुढे ते दोन-अडीच हजार अंश किरकोळच ठरणार. लॉग पट्टी टक्क्यांचा हिशेब ठेवते. तिथे १०० चे २०० आणि ४०,००० चे ८०,००० यांची उंची सारखीच, त्यामुळे १९९२ ची दरी २००८ च्या दरीशेजारी खरोखर दरीच दिसते. (आधीच्या पिढीने शेअरला जुगार का म्हटलं, तेही कळतं.) मग बोनस आणि स्प्लिट. १० रुपये दर्शनी मूल्याचा शेअर फोडून २ चा केला की भाव एका रात्रीत पाचव्या हिश्शावर येतो. आलेख समायोजित नसेल तर नवशिका त्यालाच मंदी समजून ट्रेंडलाइन ओढत बसतो. राहिला आरएसआय. वेल्स वाइल्डरने १९७८ मध्ये सुचवलेला १४ चा आकडा आजही तिथे आपोआप भरलेला येतो, आणि १४ च का, हे विचारण्याआधीच बहुतेकांनी ऑर्डर टाकलेली असते.