दुर्मिळतेचा टिळा

लंडनच्या ‘टी टू’ ह्या तिघांच्या वाद्यवृंदाची ‘इट्ल ऑल वर्क आउट इन बूमलँड’ ही तबकडी डेक्काने १९७० साली काढली. ती फारशी खपली नाही व विस्मृतीत गेली. पुढे संग्राहकांनी तिला उजेडात आणले, ह्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यांच्या मोजपट्टीविषयी. मूळ प्रत कोणाकडे, वेष्टनाची कड किती शाबूत, भाव किती चढला, एवढीच चर्चा! आम्ही कारकून मंडळी जुन्या फायलींत जन्म घालवतो. कागद दुर्मिळ म्हणून त्यावरील टिपण शहाणपणाचे ठरत नाही, हे आम्हांस कोणी शिकवावयास नको.

ह्या तबकडीची दुसरी बाजू ‘मॉर्निंग’ ह्या एकाच रचनेने व्यापली आहे; सुमारे २१ मिनिटे. कीथ क्रॉसची गिटार तेथे गर्जते आणि ताल धरणारा पीटर डंटन स्वतःच गातो. ती बाजू सलग ऐकलेला मनुष्य भाव सांगत बसणार नाही. पुनर्मुद्रित प्रत घेऊन ती झिजेपर्यंत वाजवणारा तो आमच्या मते संग्राहक. न वाजवता कपाटात ठेवणारा फार तर भांडारपाल. आणि ज्या वादकांच्या नावाने हा जयघोष चालतो, त्यांच्या हाती जुन्या प्रतीच्या विक्रीतील दमडीही पडत नाही.