सूक्ष्मदर्शकापासून शाळेपर्यंत

उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची चर्चा कोणास चैनीची वाटेल. या संशोधनाचे फळ वर्षअखेरच्या ताळेबंदात दिसत नाही, हे खरेच. परंतु त्याचा हिशेब पिढ्यांनी मांडावा लागतो.

साध्या सूक्ष्मदर्शकाची दृष्टी सुमारे २०० नॅनोमीटरपाशी थांबते. पॅपिलोमा विषाणू जेमतेम ५५ नॅनोमीटरचा. १९६४ साली लंडनमध्ये एप्स्टाइन, अचाँग व बार यांना मानवी कर्कपेशींत विषाणू दिसला, तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातूनच. इकडे परळला १९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात कमल रणदिवे उंदरांतील स्तनकर्करोग आणि विषाणू यांचा संबंध तपासत होत्या. ज्या सिंधमधून कॅम्पवासी १९४७ नंतर आले, त्याच सिंधच्या कराचीत जन्मलेल्या सत्यवती शिरसाट तेथेच पेशींची अतिसूक्ष्म रचना अभ्यासत होत्या. पुढे १९८३ मध्ये त्सुर हाउझेन यांच्या गटास गर्भाशयमुखाच्या कर्करोगात पॅपिलोमा विषाणूचा अंश सापडला, आणि २०२२ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लशीस परवानगी मिळाली.

१९६४ ते २०२२, म्हणजे ५८ वर्षे. नफ्यासाठी इतका काळ थांबणारे खाजगी भांडवल विरळाच. म्हणून मूलभूत संशोधनाचा भार सरकारी तिजोरीनेच उचलला पाहिजे. मात्र एवढ्याने कर्तव्य संपत नाही. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलीला ही लस घ्यावी लागते. कॅम्पातील कारखान्यात मजुरी करणाऱ्याच्या मुलीपर्यंत ती पोहोचली नाही, तर अर्धशतकाचे ज्ञान शेवटच्या मैलावर वाया गेले, असेच म्हणावे लागेल.