शाळेची अब्रू आणि मुलाचे म्हणणे

'अब्रू' या शब्दाने आपल्या समाजास फार छळले आहे. गावाची अब्रू जाऊ नये म्हणून अन्याय गावातच मिटवावा, फौजदाराकडे जाऊ नये, चार पंचांपुढे हात जोडून घरी परतावे, हा उपदेश आपल्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकला. आज तोच उपदेश शाळेच्या कार्यालयातून ऐकू येतो. मुलास मारहाण झाली, मुलीशी कोणी गैरवर्तन केले, वसतिगृहात मोठ्या मुलांनी लहानांचा छळ केला, अशी तक्रार घेऊन आईबाप गेले की त्यांच्यापुढे खुर्ची सरकविली जाते, चहा मागविला जातो आणि हलक्या आवाजात सांगितले जाते की, झाले ते वाईटच झाले, परंतु बाहेर बोलू नका, संस्थेचे नाव खराब होईल. ज्या खुर्चीवर एरवी आपल्या माणसास कोणी बसवीत नाही, ती खुर्ची त्या दिवशी का पुढे येते, याचा विचार वाचकांनी अवश्य करावा.

ठाणे जिल्ह्यातील बदलापूर येथे ऑगस्ट २०२४ मध्ये जे घडले, ते महाराष्ट्र विसरलेला नाही. एका शाळेच्या बालवर्गातील दोन लहानग्या मुलींवर शाळेतीलच एका सफाई कामगाराने अत्याचार केल्याचा आरोप झाला. मुलींच्या पालकांस गुन्हा नोंदविण्यासाठी पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळावे लागले. २० ऑगस्ट रोजी हजारो लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले, तेव्हा कोठे सरकारला जाग आली. मुंबई उच्च न्यायालयाने त्या प्रकरणाची आपण होऊन दखल घेतली. शाळेस प्रकार कळला असताना तिने पोलिसांस का कळविले नाही, हा न्यायालयाचा प्रश्न होता. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांवर याच कारणाने गुन्हा दाखल झाला. पुढे २३ सप्टेंबर २०२४ रोजी मुख्य आरोपी पोलिसांच्या गोळीने मारला गेला. पुष्कळांनी त्यावर पेढे वाटले. आम्हांस तो आनंद कळला नाही. आरोपीबरोबर त्याच्यावरील खटला संपला. मात्र शाळेस केव्हा कळले, कोणास कळले आणि ते कोणी दाबून ठेवले, या प्रश्नांची उत्तरे गोळीने मिळत नाहीत. जानेवारी २०२६ मध्ये तर याच प्रकरणात सहआरोपी असलेल्या संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यास तेथील नगरपरिषदेत स्वीकृत सदस्य म्हणून सन्मानाने बसविण्यात आले. लोकांत संताप उसळला तेव्हा त्याने राजीनामा दिला. अब्रू कोणाची जाते आणि कोणाची इतक्या सहज परत मिळते, हे यावरून ध्यानी यावे.

बदलापूर हे मुंबईजवळचे शहर. तेथे रेल्वे अडविता येते, वृत्तपत्रे धावून येतात. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुऱ्याच्या मुलींपाशी हे काहीच नव्हते. तेथील एका शाळेच्या वसतिगृहात अल्पवयीन आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचे २०१९ साली उघडकीस आले. त्या मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरला प्रकार कळला असूनही त्याने पोलिसांस कळविले नाही, असा त्याच्यावर आरोप होता. उच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्धचा गुन्हा रद्द केला. परंतु सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो निर्णय फिरविला आणि अत्याचार ठाऊक असूनही न कळविणे हा स्वतंत्र व गंभीर गुन्हा आहे, तो गुन्हेगारास पाठीशी घालण्याचाच प्रकार होय, असा निर्वाळा दिला. शाळेच्या दाखल्यावर गोरगरीब, दलित, आदिवासी मुले वसतिगृहात ठेवणाऱ्या प्रत्येक घराने हा निकाल कोणाकडून तरी समजावून घ्यावा.

कायदा काय म्हणतो, ते स्पष्टच सांगितले पाहिजे. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, ज्यास लोक 'पोक्सो' म्हणतात, त्याच्या कलम १९ प्रमाणे असा अपराध ज्यास कळेल त्याने पोलिसांस कळविलेच पाहिजे. न कळविणाऱ्यास कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्या हाताखालच्या माणसाचा अपराध संस्थेच्या प्रमुखाने दडविला, तर ती मुदत एक वर्षापर्यंत जाते. 'आम्ही आधी आमची चौकशी करतो, मग पाहू' असे म्हणण्याचा अधिकार कायद्याने मुख्याध्यापकास दिलेला नाही. बदलापूरनंतर शासनाने अशा प्रकाराची खबर चोवीस तासांत शिक्षणाधिकाऱ्यांस द्यावी असे आदेश काढले. ते ठीकच आहे. परंतु शिक्षणाधिकाऱ्यास पत्र लिहिले म्हणजे पोलिसांस कळविण्याचे कर्तव्य संपले, असा अर्थ कोणी करू नये. मारहाणीच्या बाबतीतही २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंस मनाई केली आहे.

मग एवढा कायदा असताना माणसे गप्प का बसतात? प्रत्येक मुख्याध्यापक दुष्ट असतो म्हणून नव्हे. पट घसरला की तुकडी जाते, तुकडी गेली की शिक्षक अतिरिक्त ठरतो, अनुदानावर गदा येते. आणि संस्थाचालकास पुढच्या निवडणुकीस उभे राहावयाचे असते. बदनामीची भीती ही अशी भाकरीशी आणि सत्तेशी बांधलेली आहे. त्यातून कागदावर खोटे लिहिण्याची सवय जडते. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली, तेव्हा हजेरीपटावरील लाखो मुले वर्गात नव्हतीच, हे उघड झाले. जी संस्था नसलेली मुले आहेत म्हणून लिहू शकते, तिला घडलेला प्रकार घडलाच नाही म्हणून लिहिण्यास कितीसा वेळ लागणार?

शिरोळ तालुक्यातील वाचकांस हे वेगळे सांगावयास नको. शिरोळ, जयसिंगपूर, कुरुंदवाड या भागात ऊस आहे, साखर कारखाने आहेत, दूध संस्था आहेत, पतसंस्था आहेत, आणि शिक्षणसंस्थाही आहेत. शाळेच्या कार्यकारिणीवरचा माणूस आणि ज्याच्या उसात आपला बाप तोडणीस जातो तो माणूस, हे पुष्कळदा एकाच घरचे असतात. त्यातून नुकतीच धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबाची अडचण आणखी वेगळी. मुलाच्या नोंदीत 'बौद्ध' असे लिहून घेण्यासाठी, शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी, शिष्यवृत्तीच्या अर्जावर सहीसाठी त्यास त्याच मुख्याध्यापकाच्या दारी पुनःपुन्हा जावे लागते. दाखला अडेल म्हणून मुलाचा मार गिळणारे बाप आमच्या परिचयाचे आहेत. त्यांस आम्ही भित्रे म्हणणार नाही. परंतु दाखला देणे हे मुख्याध्यापकाचे कर्तव्य आहे, उपकार नव्हे; आणि तो अडविला तर शिक्षणाधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करता येते, हे त्यांस कोणी तरी सांगितले पाहिजे.

याच कोल्हापूर संस्थानात १९१७ साली शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि पुढे अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा मोडून ती मुले सर्वांच्या शाळेत बसविली. शिरोळला लागूनच असलेल्या हातकणंगले तालुक्यातील माणगाव येथे मार्च १९२० मध्ये त्यांनी तरुण भीमराव आंबेडकरांस समाजाचे पुढारी म्हणून लोकांपुढे उभे केले. ज्या शाळेत शिरण्यासाठी एवढा खटाटोप झाला, त्या शाळेत आपल्या मुलाने तोंड मिटून बसावे काय?

संस्थेचे नाव दोष झाकून राखता येते, हा समजच आम्हांस पटत नाही. वर्षावास संपल्यावर भिक्खू एकत्र बसतात आणि प्रत्येक जण इतरांस विनवितो की, माझ्या हातून काही चुकल्याचे पाहिले, ऐकले किंवा तसा संशय आला असेल तर सांगा. यास पवारणा म्हणतात. अडीच हजार वर्षे ती चालत आली; तिने संघाचे नाव बुडाल्याचे आम्ही ऐकले नाही. शाळेच्या फलकावर 'गेल्या वर्षी एवढ्या तक्रारी आल्या, त्यांचे असे झाले' हे लिहिणारा मुख्याध्यापक आम्हांस 'आमच्याकडे एकही तक्रार नाही' म्हणणाऱ्यापेक्षा अधिक भरवशाचा वाटेल.

आता घराघरांतून काय करावयाचे ते. मूल काही सांगू लागले तर त्यास प्रथम बोलू द्यावे. 'तूच काही केले असशील' हे वाक्य तोंडातून काढू नये. त्याने सांगितले ते त्याच दिवशी, त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून वहीत लिहून ठेवावे. शाळेस अर्ज द्यावा तो लेखी द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. चहा घेतला तरी पोच सोडू नये. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर शाळेच्या परवानगीची वाट न पाहता पोलिसांत जावे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी, गणवेश न घातलेल्या आणि शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यावयाचा असतो. मुलास रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. १०९८ या क्रमांकावर कोणत्याही वेळी मदत मागता येते, त्यास पैसे पडत नाहीत. जेथे जिल्हा परिषदेची शाळा आहे तेथे शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात, आणि वंचित घटकांतील पालकांस त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. आपल्या आयाबहिणींनी त्या जागा मागून घ्याव्यात, आणि पहिल्याच सभेत तक्रारपेटीची किल्ली कोणाकडे असते व ती पेटी शेवटची केव्हा उघडली, एवढे विचारावे.