सगळेच विषय आपले

आपल्या समाजातल्या तरुणाने काय वाचावे याची यादी तो वाचायला लागण्याआधीच तयार असते. घरात दीनी पुस्तके असतात, आणि ती असायलाच हवीत. नोकरीसाठी स्पर्धा परीक्षांची गाइड्स येतात. कॉलेजातले चांगले मित्र पुस्तक भेट देतात तेव्हा तेही शोधून 'मुस्लिम प्रश्ना'वरचेच देतात. त्यांचा हेतू प्रेमाचाच असतो. आता या तिघांत चौथा सल्लागार आला आहे, खिशातला फोन. घरच्यांशी, मास्तरांशी, मित्रांशी वाद घालता येतो. फोन वाद घालत नाही, तो फक्त पुढचे पुस्तक समोर ठेवतो.

हा सल्लागार कसा विचार करतो हे मला कामामुळे थोडेफार ठाऊक आहे. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मी सॉफ्टवेअर लिहितो. मशीनवरून येणाऱ्या आकड्यांतून पुढचा अंदाज काढणे हा माझा रोजचा उद्योग. ऑनलाइन पुस्तकविक्रीतले गणितही याच जातीचे आहे. ॲमेझॉनच्या अभियंत्यांनी २००३ मध्ये त्यांची पद्धत एका शोधनिबंधात मांडली. तिचा गाभा सोपा आहे. पुस्तकात काय लिहिले आहे याच्याशी त्या पद्धतीला देणेघेणे नाही. हे पुस्तक घेणाऱ्यांनी दुसरे कोणते घेतले, एवढेच ती मोजते. ज्या दोन पुस्तकांचे गिऱ्हाईक वारंवार तेच निघते, ती दोन पुस्तके तिच्या लेखी शेजारी. आजच्या पद्धती याहून गुंतागुंतीच्या झाल्या आहेत, पण मागच्या निवडीवरून पुढची निवड ताडायची हे सूत्र टिकून आहे.

याचे दोन परिणाम होतात. समजा, तुम्ही सीरतवरची दोन पुस्तके घेतली आणि दंगलींवरचे एक. पुढे तुम्हाला याच दोन विषयांची पुस्तके दिसत राहतील. भूगर्भशास्त्राचे, करप्रणालीचे किंवा मधमाश्यांचे पुस्तक त्या वाटेवर येणे कठीण. यात कोणाचा कट नाही. तुमच्यासारख्या माणसांनी जे घेतले ते तुम्हाला दाखवले जाते, इतकेच. दुसरा परिणाम नव्या पुस्तकांवर होतो. आमच्या धंद्यात त्याला 'कोल्ड स्टार्ट' म्हणतात. ज्या वस्तूचा डेटा नाही, तिची शिफारस करणे गणिताला अवघड जाते. मराठीत वैचारिक पुस्तकाची पहिली आवृत्ती अनेकदा हजारभर प्रतींची असते. इतक्या थोड्या विक्रीतून, तीही बरीचशी दुकानांत आणि प्रदर्शनांत झालेली, फोनला काय कळणार? म्हणून चांगले नवे पुस्तक निघते आणि आपल्यापर्यंत त्याची वार्ताही पोहोचत नाही.

मग नवे पुस्तक शोधायचे कसे? याचे उत्तर फोनपेक्षा हजार वर्षे जुने आहे, आणि ते आपल्या ओळखीच्या परंपरेत आहे. इ. स. ९८७ च्या सुमारास बगदादमध्ये इब्न अल-नदीम या पुस्तकांच्या व्यावसायिकाने 'किताब अल-फिहरिस्त' तयार केली. उर्दूतला 'फेहरिस्त' हा शब्द तोच. आपल्याला माहीत असलेल्या अरबी पुस्तकांची त्याने दहा भागांत नोंद केली. पहिल्या सहा भागांत भाषा आणि धर्मग्रंथ, व्याकरण, इतिहास, काव्य, कलाम, फिकह आणि हदीस आहेत. उरलेल्या चार भागांत तत्त्वज्ञान, गणित आणि वैद्यक, किस्से-कहाण्या आणि जादूटोणा, भारत-चीनमधल्या पंथांसह इतर धर्म आणि शेवटी किमया. ज्यांची मते त्याला मान्य नव्हती त्यांच्या पुस्तकांचीही नोंद त्याने ठेवली. वाचकाने काय टाळावे हे त्याने ठरवले नाही. काय काय लिहिले गेले आहे, ते सांगितले.

आजच्या ग्रंथालयांत असाच दहा भागांचा नकाशा चालतो. मेल्विल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ मध्ये तो मांडला. ०००मध्ये सामान्य ज्ञान आणि संगणक, १००मध्ये तत्त्वज्ञान आणि मानसशास्त्र, २००मध्ये धर्म, ३००मध्ये समाजशास्त्रे, ४००मध्ये भाषा, ५००मध्ये विज्ञान, ६००मध्ये तंत्रज्ञान, ७००मध्ये कला, ८००मध्ये साहित्य, ९००मध्ये इतिहास-भूगोल. हा नकाशाही निर्दोष नाही. धर्माच्या शंभर आकड्यांतले बहुतेक ख्रिस्ती धर्माला मिळाले आणि इस्लाम २९७ या एका आकड्यात बसवला गेला. तरीही कपाटाचा एक मोठा गुण आहे. समोर कोण उभे आहे, त्याने मागच्या महिन्यात काय घेतले, हे कपाट विचारत नाही. ५५०पाशी गेलात की खडक आणि भूकंपच हाताला लागतात.

अशी कपाटे आपल्या जिल्ह्यात कमी नाहीत. कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचे आहे. इचलकरंजीचे आपटे वाचन मंदिर १८७० चे. भारतातला पहिला सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९४५ मध्ये कोल्हापूर संस्थानाने केला. महाराष्ट्राचा कायदा त्यानंतर १९६७ मध्ये आला. ज्या कागलच्या घाटगे घराण्यात १८७४ मध्ये शाहू महाराज जन्मले, त्या कागलच्या हद्दीशी आपण रोज पंचिंग करतो. त्यांनी १९०६ मध्ये मोहामेडन एज्युकेशन सोसायटी उभी राहण्यास बळ दिले, मुस्लिम मुलांसाठी वसतिगृह उभारले आणि १९१७ मध्ये संस्थानात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण आणले. शिकण्याची ही सोय कोण्या एका विषयापुरती नव्हती.

आता आपल्या वसाहतीकडे बघू. इथे ओतकाम आहे, कापड आहे, इंजिनिअरिंग आहे. शेजारी हुपरीची चांदी, पलीकडे इचलकरंजीचे यंत्रमाग. यातल्या प्रत्येक गोष्टीवर जगात उत्तम पुस्तके आहेत. फाउंड्रीत काम करणाऱ्याने मार्क मिओडोनिक या पदार्थशास्त्रज्ञाचे 'स्टफ मॅटर्स' वाचावे; पोलाद, काँक्रीट, काच रोजच्या जगण्यात कशी आली हे तो सोप्या भाषेत सांगतो. सुताशी संबंध असणाऱ्याने स्वेन बेकर्टचे 'एम्पायर ऑफ कॉटन' पाहावे. कापसाच्या या जागतिक इतिहासात आपला वऱ्हाडही येतो. डिस्पॅचवाल्याने मार्क लेव्हिन्सनचे 'द बॉक्स' उघडावे. १९५६ मध्ये ५८ कंटेनर घेऊन एक जहाज नेवार्कहून ह्यूस्टनला गेले आणि मालवाहतुकीचे सगळे हिशेब बदलू लागले, त्याची ही गोष्ट. आपला माल ज्या पेटीतून परदेशी जातो तिचाही इतिहास आहे.

मराठीतही हात रिकामा राहत नाही. अच्युत गोडबोले सॉफ्टवेअर उद्योगातले. त्यांनी अर्थशास्त्रावर 'अर्थात', शास्त्रज्ञांवर 'किमयागार', मानसशास्त्रावर 'मनात' लिहिले. नंदा खरे पेशाने स्थापत्य अभियंता, त्यांनी उत्क्रांतीवर 'जीवोत्पत्ती आणि नंतर' लिहिले. अनिल अवचटांनी हमाल आणि विडी कामगारांच्या जगण्याचा शोध घेतला. आपल्या कोल्हापूरच्या गोविंद पानसरे यांची 'शिवाजी कोण होता?' ही छोटी पुस्तिका कमी किमतीत घराघरांत गेली. आणि सलीम अली? मुंबईच्या या मुस्लिम मुलाच्या हाती एक वेगळी चिमणी लागली, तिचे नाव विचारायला तो बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेला, आणि १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे पुस्तक आले. 'मुस्लिमांनी वाचायची पुस्तके' अशी यादी त्या काळी कोणी केली असती, तर तिच्यात पक्षी असते का?

काही वाचक विचारतील, आपल्या समाजापुढे एवढे प्रश्न असताना खडक आणि कंटेनर वाचत बसायचे? आपल्या इतिहासावर, कायद्यावर, हक्कांवर वाचलेच पाहिजे. त्यात सूट नाही. पण २०१९ आणि २०२१ चे पूर आठवा. पाणी घरात शिरताना आडनाव विचारत नव्हते. मात्र धरणांचा विसर्ग, पूररेषा, पंचगंगेचे प्रदूषण यांवर चर्चा होते तेव्हा आपली मुले-मुली व्यासपीठावर किती दिसतात? कामगार कायदे, विजेचे दर, महापालिकेचे अंदाजपत्रक यांवर कोण बोलते? आपल्याला बोलावले जाते ते बहुतेक आपल्याच विषयावर. त्या विषयात आपण तयारीने उत्तर देतो. पण बाकीच्या विषयांत मत मागितले जावे असे वाटत असेल, तर आधी त्या विषयांतले वाचन लागते. नागरिक म्हणून आपला हक्क सगळ्या कपाटांवर आहे. तो बजावायचा कोणी, हा प्रश्न आपला आहे.

आता कामाचे बोलू. शिफ्ट सांभाळून हे जमते. माझ्या ओळखीचे काही जण दोन बसथांब्यांच्या मधल्या वेळात वाचतात.

पहिले, आवडलेल्या पुस्तकाच्या शेवटची संदर्भसूची वाचा. लेखकाने ज्यांच्यावर भिस्त ठेवली ती पुस्तके तिथे सापडतात. यंत्राच्या शिफारशीपेक्षा ही शिफारस भरवशाची, कारण ती पुस्तक वाचलेल्या माणसाची आहे.

दुसरे, ग्रंथालयाचे सभासद व्हा आणि 'नवीन पुस्तके' असे लिहिलेल्या रॅकपासून सुरुवात करा. हवे ते पुस्तक नसेल तर ग्रंथपालांना लेखी मागणी द्या. ग्रंथालये दरवर्षी खरेदी करतात. मागणी आली नाही तर नेहमीचेच घेतले जाते. घरात एकच सभासदत्व परवडत असेल तर ते बहिणीच्या नावाने घ्या. कारखान्यात जाणाऱ्या भावाला बाहेर पडायला निमित्त लागत नाही, तिला लागते.

तिसरे, परीक्षणे वाचा. १९४८ मध्ये साने गुरुजींनी सुरू केलेले 'साधना' साप्ताहिक आणि १९६४ पासूनचे 'ललित' मासिक नव्या पुस्तकांची दखल घेतात. प्रकाशकांची सूचिपत्रे मागवा, ती फुकट मिळतात.

चौथे, फुकट आणि स्वस्त साठे वापरा. मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तके पीडीएफमध्ये मोफत मिळतात. नॅशनल बुक ट्रस्टची विज्ञानाची पुस्तके चहा-वड्याच्या खर्चात बसतात. फोनवर शोधताना लॉगिन न करता, विषयाचे नाव टाकून शोधा. मग यंत्राला तुमचा मागचा हिशेब लावणे अवघड जाते.

पाचवे, नवे म्हणजे चांगलेच असे नाही. लेखकाचा अभ्यास काय, आकडा कुठून आला, विरुद्ध मत मांडले आहे का, सूची आहे का, एवढे चार प्रश्न विचारा. जे पुस्तक यांना उत्तर देत नाही ते व्हॉट्सॲपच्या फॉरवर्डचे छापील रूप समजा.

वसाहतीतले आम्ही पाच-सहा जण एक साधा नियम पाळतो. दर महिन्याला एक पुस्तक अशा भागातून घ्यायचे, जिथे आपण आजवर हात घातलेला नाही. दहा महिन्यांत दहाही भाग होतात, दोन महिने हातात राहतात. जेवणाच्या सुट्टीत प्रत्येकाने आपले पुस्तक पाच मिनिटांत सांगायचे. वेल्डिंगवाला भाषाशास्त्रावर बोलतो आणि अकाउंट्सवाला नद्यांवर, तेव्हा प्रश्न येतात आणि पुढचे पुस्तक त्या प्रश्नांतूनच ठरते.

तुम्ही जिथे असाल तिथे, फाउंड्रीत, दवाखान्यात, दुकानात किंवा कॉलेजात, असे चार जण गोळा करा. वाचलेल्या पुस्तकावर तीनशे शब्द मराठीत किंवा उर्दूत लिहा आणि आमच्याकडे पाठवा. पुस्तकाचा विषय कोणताही चालेल. आम्ही ते दहा भागांत मांडू, आणि जो भाग सर्वांत रिकामा दिसेल, पुढच्या अंकात त्याच भागाची पुस्तके तुमच्याकडे मागू.