धुळ्याचा निकाल आपण ठरवला. उमेदवार कोणी ठरवला?

4 जून 2024 रोजी धुळे लोकसभा मतदारसंघात काँग्रेसच्या डॉ. शोभा बच्छाव 3,831 मतांनी निवडून आल्या. धुळे शहर, धुळे ग्रामीण, शिंदखेडा, मालेगाव बाह्य आणि बागलाण या पाच विधानसभा क्षेत्रांत भाजपचे डॉ. सुभाष भामरे पुढे होते. या पाचांतली त्यांची एकूण आघाडी 1 लाख 90 हजारांच्या आसपास होती. सहाव्या क्षेत्राने, म्हणजे मालेगाव मध्यने, बच्छाव यांना एकट्याने सुमारे 1 लाख 94 हजारांची आघाडी दिली. 2019 मध्ये सव्वादोन लाखांहून जास्त मतांनी जिंकलेले भामरे तिथे हरले.

मी याच मतदारसंघातली मतदार आहे. त्या दिवशी आमच्याकडे मिठाई वाटली गेली, आणि आनंद खरा होता. पण त्या निकालाबद्दल दोन गोष्टी बोलायच्या राहून गेल्या आहेत. एक इतरांशी बोलायची, दुसरी आपापसांत. पहिली सोपी आहे, दुसरी अवघड.

आधी पहिली. निकालानंतर काही महिन्यांनी तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी धुळ्याचाच दाखला देऊन ‘व्होट जिहाद’ हा शब्द वापरला. पाच क्षेत्रांनी एका पक्षाला भरभरून मते दिली तर तो जनादेश, आणि सहाव्याने दुसऱ्या पक्षाला दिली तर जिहाद, हा हिशेब कोणत्या संविधानात बसतो? एखाद्या जातीचे, एखाद्या तालुक्याचे लोक एकगठ्ठा मतदान करतात हे महाराष्ट्राला नवीन नाही. आपण रांगेत उभे राहून बटण दाबले. या देशात सरकार बदलण्याचा तोच एक कायदेशीर रस्ता आहे. याबद्दल कुणासमोर सफाई देण्याची गरज नाही.

आता दुसरी. निकाल आपण ठरवला, पण उमेदवार कोणी ठरवला? आणि ज्या उमेदवाराला आपण जवळपास दोन लाख मते दिली, त्यांच्याकडे आपण काय मागितले होते?

डॉ. बच्छाव नाशिकच्या. तिथल्या माजी महापौर, राज्यात मंत्रिपद भूषवलेल्या. त्यांच्या कर्तृत्वाबद्दल माझी तक्रार नाही. पण त्यांचे नाव मुंबई-दिल्लीत ठरले आणि मोहल्ल्यात आले ते एका वाक्यासोबत : ‘यांना द्या, नाहीतर ते येतील.’ महाविकास आघाडीने महाराष्ट्रातल्या 48 जागांपैकी एकाही जागेवर मुस्लिम उमेदवार दिला नाही. 2011 च्या जनगणनेनुसार राज्यात मुसलमान साडेअकरा टक्के आहेत. आघाडीला हे माहीत होते, आणि आपण जाणार कुठे हेही माहीत होते.

याच मतदारसंघात वंचित बहुजन आघाडीने अब्दुर रहमान यांना उमेदवारी दिली होती. नागरिकत्व दुरुस्ती कायद्याच्या निषेधार्थ डिसेंबर 2019 मध्ये भारतीय पोलीस सेवा सोडण्याची घोषणा करणारे हे अधिकारी. छाननीत त्यांचा अर्ज बाद झाला. तेव्हा माझ्या ओळखीच्या कितीतरी जणांनी सुटकेचा श्वास सोडला : ‘बरे झाले, मते फुटणार नाहीत.’ त्यांचे गणित चूक नव्हते. 2009 मध्ये याच धुळ्यात मालेगावचे ज्येष्ठ समाजवादी नेते निहाल अहमद जनता दल (सेक्युलर) कडून उभे होते. त्यांना 70 हजारांहून जास्त मते मिळाली आणि काँग्रेसचे अमरीशभाई पटेल भाजपच्या प्रताप सोनवणे यांच्याकडून सुमारे वीस हजारांनी हरले. हा आकडा आपल्याकडे पाठ आहे. पण आपल्यातला एक माणूस मतपत्रिकेवर राहिला नाही याचा आनंद व्हावा, अशी वेळ समाजावर का येते? त्या उमेदवाराचे विचार काय, तो संसदेत काय करेल, यावर चर्चाच झाली नाही. चर्चा झाली ती फक्त तो कुणाची मते खाईल यावर.

माझे म्हणणे ‘मुस्लिम उमेदवारच हवा’ असे नाही. उमेदवाराचा किंवा मतदाराचा धर्म सांगून मत मागणे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 123(3) नुसार भ्रष्ट आचरण आहे. जानेवारी 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने ते बहुमताने स्पष्ट केले आहे. हा नियम ‘व्होट जिहाद’ म्हणणाऱ्यांना लागू आहे, तसा ‘कौम के नाम पर’ म्हणणाऱ्यांनाही. 2004 मध्ये कुलाब्यातून निवडून आलेल्या अंतुलेंनंतर महाराष्ट्रातून लोकसभेवर पुढचा मुसलमान खासदार जायला 2019 उजाडावे लागले. औरंगाबादमधून इम्तियाज जलील गेले आणि 2024 मध्ये हरले. संख्येचा प्रश्न गंभीर आहेच. पण नाव आपले असले की काम आपोआप होते, हा भ्रमही आपण नगरपालिकेपासून विधानसभेपर्यंत बऱ्याचदा अनुभवला आहे.

मग मागायचे म्हणजे काय? याचे उत्तर आपल्याच मतदारसंघात, बागलाणच्या कांदा उत्पादकाकडे आहे. केंद्राने डिसेंबर 2023 मध्ये कांद्याची निर्यात बंद केली. शेतकऱ्यांनी बाजार समित्यांमध्ये लिलाव बंद पाडले, रस्ते अडवले, प्रचाराला आलेल्यांना कांद्याचे विचारले. त्यांची मागणी एका ओळीत मावणारी होती : निर्यातबंदी उठवा. 4 मे 2024 रोजी ती उठली. किमान निर्यातमूल्याची आणि 40 टक्के शुल्काची अट राहिली, पण बंदी गेली. धुळ्याचे मतदान 20 मे रोजी होते. शेतकऱ्याचे मत कुठे जाईल याची खात्री कुणालाच नव्हती, म्हणून मतदानाच्या तोंडावर त्याच्या दारात काहीतरी आले.

मालेगावच्या लूमवर काय आले? शहराचे पोट पॉवरलूमवर आहे. सुताचे भाव, जुने लूम, मजुरांचा भविष्य निर्वाह निधी आणि आरोग्य विमा, यांपैकी बऱ्याच गोष्टी केंद्राच्या अखत्यारीत येतात. यंत्रे सुधारण्यासाठी केंद्राची जी निधी योजना होती तिची मुदत 31 मार्च 2022 ला संपली. त्याच वर्षी अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप बंद करण्यात आली, आणि पहिली ते आठवीच्या मुलांची केंद्रीय मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्तीही गेली. हे सगळे लोकसभेत विचारायचे प्रश्न आहेत. प्रचारात यातले किती कुणी विचारले? आपले मत कुठे जाणार हे सगळ्यांना आधीच माहीत होते. एका बाजूला ते गृहीत होते आणि दुसऱ्या बाजूला अशक्य. दोन्ही बाजूंना आपल्याशी बोलण्याचे कारणच उरले नव्हते.

यावर काही मित्र म्हणतात, ‘भीती खरी असताना लूमचे काय घेऊन बसलीस?’ भीती खरी आहे हे मला मान्य आहे. वक्फ दुरुस्ती विधेयक एप्रिल 2025 मध्ये लोकसभेत 288 विरुद्ध 232 मतांनी मंजूर झाले. अशा वेळी एकेक खासदार मोलाचा असतो. कुणाला रोखायचे हा विचार मतदान करताना करणे गैर नाही. पण रोखण्याचा विचार मतदानाच्या दिवसाचा आहे. त्याआधीची चार वर्षे अकरा महिने मागण्याची आहेत, आणि ती आपण वापरत नाही.

म्हणून 2029 साठी, आणि त्याच्या बऱ्याच आधीपासून, तीन कामे सुचवते.

पहिले, मागणीपत्र. तिकिटे वाटली जाण्यापूर्वी मतदारसंघाचे एक मागणीपत्र तयार व्हावे, मराठी आणि उर्दू दोन्ही भाषांत, पाच-सात मुद्द्यांचे. लूम असावा, आणि शेजारच्या माणसाचा कांदाही असावा. मनमाड-इंदूर रेल्वेमार्गाला सप्टेंबर 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. तो मालेगाव आणि धुळे दोघांचा आहे. अशी मागणी बागलाणचा शेतकरी आणि मालेगावचा विणकर एकत्र घेऊन गेले तर तिला कुणी जिहाद म्हणू शकणार नाही. हे पत्र फक्त उलेमा, कारखानदार आणि पुढाऱ्यांच्या बैठकीत ठरू नये. लूमवर रात्रपाळी करणारा आणि घरी धागा भरणारी बाई तिथे नसेल तर ते पुन्हा चार घरांचेच पत्र होईल.

दुसरे, प्रतिज्ञापत्र वाचा. प्रत्येक उमेदवाराला अर्जासोबत आपली संपत्ती, कर्ज, शिक्षण आणि गुन्ह्यांची माहिती शपथेवर द्यावी लागते, आणि ती निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर सगळ्यांसाठी खुली असते. बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी अर्ध्या तासात सर्व उमेदवारांचा तक्ता करू शकते. तो मोहल्ल्याच्या गटांवर फिरवा. अफवांपेक्षा तो जास्त उपयोगी आहे.

तिसरे, हिशेब मागा. खासदाराला वर्षाला पाच कोटींचा स्थानिक विकास निधी मिळतो. कामांची यादी मागता येते. संसदेत विचारलेले प्रश्न आणि हजेरी लोकसभेच्या संकेतस्थळावर दिसते. केंद्राच्या योजनांवर देखरेख करणाऱ्या जिल्हा समितीत खासदार बसतात, तिथे मालेगावचे किती विषय गेले हे विचारता येते. दरवर्षी 4 जूनला, मिठाईऐवजी, हा हिशेब चौकात लावावा. आपण निवडून दिलेल्या खासदाराचाही, किंबहुना त्यांचाच आधी.

लोकसभेला उभे राहण्याचे वय 25 आहे. आज विशीत असलेले तुमच्यापैकी अनेक जण पुढच्या निवडणुकीत मतदारच नव्हे, उमेदवारही होऊ शकतात. तेव्हा तुमचे नाव ऐकून मोहल्ल्याने ‘हा किती मते खाणार?’ एवढेच विचारू नये असे वाटत असेल, तर ‘हा काय करणार?’ हे विचारण्याची सवय आतापासून लावा. सुरुवात आताच्या खासदारांना एक पत्र लिहून करता येईल. त्यात लूमचा एक प्रश्न, शिष्यवृत्तीचा एक, आणि खाली जमतील तितक्या सह्या.