दुसऱ्या गोळीची वेळ

एमएसच्या (मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराच्या) थकव्यासाठी लिहून दिलेल्या चिठ्ठीवर औषधाच्या नावापुढे तीन आकडे असतात: १-०-१. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. डॉक्टरांचे बाकीचे अक्षर लागले नाही तरी हे आकडे घरातल्या सगळ्यांना वाचता येतात. दिवसातून दोनदा म्हटले की लिहिणाऱ्याचा हात सवयीने याच आकड्यांवर जातो. गोळी अँटिबायोटिकची आहे की मोडाफिनिलची, याने त्या सवयीला काही फरक पडत नाही. रुग्णाला मात्र पडतो. मोडाफिनिल हे जागे ठेवणारे औषध आहे, आणि या चिठ्ठीप्रमाणे त्याची दुसरी गोळी रात्रीच्या जेवणानंतर पोटात जाते.

या औषधाच्या ब्रिटनमधल्या माहितीपत्रकात वेळ स्वच्छ सांगितली आहे. एकच मात्रा असेल तर ती सकाळी. दोन असतील तर एक सकाळी आणि दुसरी दुपारी बाराला. हिशेब साधा आहे. रक्तातले मोडाफिनिल निम्म्यावर यायला साधारण बारा ते पंधरा तास लागतात. रात्री नऊला घेतलेली गोळी दुसऱ्या दिवशी सकाळी नऊलाही निम्मी शिल्लक असते. याच थकव्यासाठी दिले जाणारे दुसरे औषध, अमॅन्टाडिन, त्याहून रेंगाळते. त्याला सोळा तासांच्या आसपास लागतात, आणि ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडत असल्याने मूत्रपिंडाचे काम मंदावलेले असेल तर कितीतरी जास्त. म्हणजे सकाळी आठला घेतलेली अमॅन्टाडिनची गोळीसुद्धा मध्यरात्री निम्मी अंगात असते. त्यावर रात्री आणखी एक घ्यायला सांगायची, आणि झोप लागत नाही म्हटल्यावर आश्चर्य करायचे, हे कसे? निद्रानाश आणि दचकून उठवणारी स्वप्ने हे अमॅन्टाडिनचे दुष्परिणाम पत्रकात छापलेले आहेत. ते कोणी लपवून ठेवलेले नाहीत.

मग चूक होते कुठे? चिठ्ठी औषधाच्या दुकानात जाते. दुकानदार पट्टी कात्रीने कापतो, कागदी पाकिटात घालतो आणि सांगतो, “ताई, सकाळ-रात्र, जेवणावर.” त्याने चिठ्ठीत होते तेच सांगितले. महिन्याभराने ताई डॉक्टरांना म्हणतात, “दिवसा जरा बरं वाटतं, पण रात्री डोळ्याला डोळा लागत नाही.” त्यावर उत्तर मिळते, “झोपेची हलकी गोळी देतो.” चिठ्ठीवर क्लोनाझेपाम चढते. दुसरी गोळी किती वाजता घेता, हा एक प्रश्न मधल्या मध्ये राहून जातो. आठवड्याच्या गोळ्यांचा तो प्लास्टिकचा डबा उघडून पाहावा. रात्रीच्या खणात जागवणारी गोळी आणि झोपवणारी गोळी शेजारी शेजारी ठेवलेली दिसतात. दोन्ही एकाच माणसाने, एकाच पाण्याच्या घोटाबरोबर घ्यायच्या.

क्लोनाझेपामला रक्तात निम्म्यावर यायला तीस ते चाळीस तास लागतात. तिची गुंगी दुसऱ्या दिवशीही उतरत नाही. स्नायूंच्या ताठरपणासाठी बॅक्लोफेन चालू असेल तर तीही झोप आणते. चालताना आधीच तोल जाणाऱ्या माणसाचा तोल अधिक जातो. घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे असेल तर तेही वाढू शकते. पुढच्या भेटीत तक्रार तीच असते: थकवा गेला नाही. मग उपाय ठरतो, मोडाफिनिलची मात्रा वाढवू. थकव्यावरचे औषध झोप घालवते, गेलेली झोप थकवा वाढवते, आणि वाढलेला थकवा एमएसच्या खात्यावर लिहिला जातो. तो रोगाने वाढलेला नाही, वेळापत्रकाने वाढलेला आहे. पण तसे कुठल्याही फाइलमध्ये लिहिलेले नसते.

याचे एक कारण मोजण्यातच आहे. एमएसमधला थकवा मोजायला जगभर वापरली जाणारी एक प्रश्नावली आहे, एमएफआयएस. तिच्यात एकवीस प्रश्न, एकूण गुण ८४. लक्ष लागते का, विसरायला होते का, स्नायू अशक्त वाटतात का, विचार मंदावले आहेत का, वरचेवर विश्रांती लागते का, असे सगळे ती विचारते. रात्री झोप लागली का, हे त्या एकवीस प्रश्नांत एकदाही विचारलेले नाही. प्रश्नावली थकव्याची आहे, झोपेची नाही, हे मान्य. पण दवाखान्यात दहा मिनिटांत सगळे उरकायचे असते तेव्हा जे कागदावर नसते ते तोंडातही येत नाही.

औषधांचा लाभ भरघोस असता तर थोडी झोप गमावणे परवडले असते. लाभ किती आहे तेही पाहू. जानेवारी २०२१ च्या ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’मध्ये एक चाचणी प्रसिद्ध झाली. सॅन फ्रान्सिस्को आणि बाल्टिमोर इथल्या दोन केंद्रांत १४१ रुग्णांना अमॅन्टाडिन, मोडाफिनिल, मिथिलफेनिडेट आणि औषध नसलेली नकली गोळी अशा चारही गोष्टी पाळीपाळीने देण्यात आल्या, प्रत्येक सहा आठवड्यांपर्यंत. कोणती गोळी कधी चालू आहे हे ना रुग्णाला ठाऊक, ना तपासणाऱ्याला. याच प्रश्नावलीवर थकव्याचे सरासरी गुण सुरुवातीला ५१.३ होते. नकली गोळीवर ते ४०.६ पर्यंत उतरले. अमॅन्टाडिनवर ४१.३, मोडाफिनिलवर ३९.०, मिथिलफेनिडेटवर ३८.६. नकली गोळीपेक्षा औषध सरस आहे असे म्हणण्याइतका फरक निघाला नाही. दुष्परिणामांची तक्रार नकली गोळीवर ३१ टक्क्यांनी केली, औषधांवर ३९ ते ४० टक्क्यांनी.

म्हणून औषधे फेकून द्या, असे म्हणणे नाही. सरासरीत न दिसणारा माणूस दवाखान्यात समोर बसलेला असतो, आणि एखाद्याला या गोळीने खरोखर संध्याकाळपर्यंत उभे राहता येते. त्याच चाचणीच्या नंतर केलेल्या विश्लेषणात, ज्यांना दिवसा फार झोप यायची त्यांना मोडाफिनिल आणि मिथिलफेनिडेटचा काही फायदा दिसला. ही गोष्ट नीट लक्षात घेण्यासारखी आहे. दिवसा डुलकी येणे आणि अंगातली शक्ती ओसरणे या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, आणि गोळीचा उपयोग मुख्यतः पहिलीवर आहे. दिवसा झोप का येते, हे रात्रीची चौकशी केल्याशिवाय कळत नाही.

आणि एमएसमध्ये रात्र आधीच मोडलेली असते. मूत्राशयावर ताबा नसल्याने दोन-तीनदा उठावे लागते. पायात गोळे येतात. पाय सतत हलवावेसे वाटतात, स्थिर ठेवले की आत काहीतरी सळसळते. झोपेत श्वास अडकण्याचा त्रास अनेकांना असतो आणि तो त्यांना स्वतःला माहीत नसतो. शेजारी झोपणाऱ्याला विचारावे लागते. यातल्या प्रत्येक गोष्टीवर वेगळा उपाय आहे. त्यातली एकही मोडाफिनिलने बरी होत नाही. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’मध्येच आलेल्या चाचणीत ३३६ रुग्ण होते. काहींना मोडाफिनिल, काहींना फोनवरून वर्तनोपचार, काहींना दोन्ही. बारा आठवड्यांनी तिन्ही गटांत थकवा जवळपास सारखाच कमी झाला होता. पण ज्यांच्या झोपेच्या सवयी मुळातच बिघडलेल्या होत्या त्यांना गोळीपेक्षा वर्तनोपचाराने अधिक गुण आला. म्हणजे गोळी निवडायची की नाही हेसुद्धा रात्र कशी जाते यावर ठरायला हवे.

आता कोणी म्हणेल, १-०-१ ऐवजी १-१-० लिहिले की प्रश्न सुटला. कागदावर सुटला. घरात नाही. एमएस पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये दुपटीहून अधिक आढळतो. अकोल्यातला किंवा चंद्रपुरातला मे महिना डोळ्यांपुढे आणा. अंग तापले की एमएसची लक्षणे वाढतात; श्रमानंतर रुग्णांची नजर काही वेळ अंधुक होते, हे जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उहथॉफ यांनी १८९० मध्येच नोंदवून ठेवले आहे. दुपारी बारा ते चार एमएस असलेली बाई कूलरसमोर आडवी असते. त्या वेळी गोळी घेऊन तिला करायचे काय? तिच्या दिवसाचा दुसरा भाग संध्याकाळी पाचला सुरू होतो. चहा, मुलांचा अभ्यास, भाजी, पोळ्या, जेवणे, ओटा आवरणे. हे सगळे उभ्याने करायचे असते, म्हणून ती गोळी पाचच्या चहाबरोबर घेते. तिचा विचार तिच्या जागी बरोबर आहे. काम जेव्हा आहे तेव्हा शक्ती हवी. पण पाचची गोळी रात्री अकराला अंगात जवळजवळ पूर्ण जोमात असते. ओटा आवरून अंथरुणाला पाठ टेकली की शरीर संपलेले आणि डोळे टक्क उघडे. सकाळी पाणी यायच्या वेळेला पुन्हा उठायचे. तिला कोणी विचारले नाही की तुझे काम किती वाजता असते. विचारले असते तर कदाचित दुसरी गोळी रद्द करून सकाळची एकच ठेवता आली असती, आणि संध्याकाळचा स्वयंपाक घरातल्या दुसऱ्या कोणाकडे देण्याबद्दल तिच्या नवऱ्याशी बोलता आले असते. थकव्याच्या उपचारात हे बोलणेही येते. (मोडाफिनिलने गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, हेही तरुण स्त्रियांना सांगितले जायला हवे. पण तो वेगळा विषय.)

न्यूरॉलॉजिस्टकडे गर्दी असते हे ठाऊक आहे. तालुक्याहून पहाटेची एसटी धरून आलेल्या माणसाला दहा मिनिटे मिळतात आणि त्यातली सात एमआरआय पाहण्यात जातात. तरीही ‘किती वाजता झोपता, रात्री किती वेळा उठता, घोरता का’ हे विचारायला एक मिनिट लागते. ‘सकाळी आठ, दुपारी बारा, त्यानंतर नाही’ असे लिहायला तेही लागत नाही. जागे ठेवणाऱ्या औषधापुढे तीन आकडे लिहून भागणार नाही. तिथे घड्याळाची वेळ लिहिलीच पाहिजे, आणि सहा-आठ आठवड्यांत थकव्यात फरक पडला नाही तर गोळी बंद करण्याचा निर्णयही घेतला पाहिजे. ज्या औषधाची नकली गोळीशी बरोबरी होते, ते निव्वळ चालू आहे म्हणून चालू ठेवण्याला काही आधार नाही.

ज्यांच्या घरी अशी चिठ्ठी आहे त्यांनी आज रात्रीच्या खणातल्या गोळ्यांची नावे वाचावीत. मोडाफिनिल किंवा अमॅन्टाडिन तिथे असेल तर डॉक्टरांना फोन करून वेळ बदलून घ्यावी; अमॅन्टाडिन मात्र आपल्या मनाने एकाएकी बंद करू नये. पुढच्या भेटीला जाताना दोन आठवड्यांचा कागद बरोबर न्यावा: गोळी किती वाजता घेतली, झोप किती वाजता लागली, रात्री किती वेळा उठलो. झोपेची गोळी लिहून देण्याआधी तो कागद वाचा, असा आग्रह धरावा.