हप्ता आपोआप कापता, मग दावा का अडवता?

प्रताप नगर चौकाजवळच्या एका बँकेत गेल्या पाच महिन्यांत आम्ही अकरा चकरा मारल्या. सोबत जयताळ्याकडच्या वस्तीतल्या एक वहिनी. नवरा रंगकाम करायचा, बेचाळिसाव्या वर्षी झोपेतच गेला. पासबुकात दर मे महिन्याच्या शेवटी एक नोंद आहे : प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना, 436 रुपये. मृत्यूनंतर वारसाला 2 लाख.

पहिल्यांदा सांगितले, दाव्याचा अर्ज शिल्लक नाही. मग सांगितले, नामनिर्देशनात माहेरचे नाव आहे आणि आधारवर सासरचे. प्रतिज्ञापत्र दिले. आता सांगतात, ‘वर पाठवलं आहे.’ वर म्हणजे कुठे, हे कोणी सांगत नाही. वहिनी एकदा काउंटरवरच म्हणाल्या, “पैसे कापताना त माह्या नवऱ्याले कोनी इचारलं नोतं.”

मित्रांनो, आमचा सगळा युक्तिवाद या एका वाक्यात आहे. खातेदाराने एकदा संमती दिली की हप्ता दरवर्षी आपोआप जातो. खात्यात तेवढी शिल्लक नसेल तर संरक्षण बंद. दोन बँकांतून दोनदा हप्ता गेला तरी भरपाई एकाच विम्याची, जास्तीचा हप्ता जप्त होऊ शकतो. माणूस मेला की मात्र यंत्रणेचे हे आपोआपपण संपते. जिच्या घरातला कमावता गेला, तिनेच दिवसाची मजुरी बुडवून कागद गोळा करायचे. खरे तर मृत्यूची नोंद कायद्याने सक्तीची आहे आणि खाते आधारशी जोडलेले आहे. त्या नोंदीवरून बँकेनेच वारसाला फोन करायला काय हरकत आहे?

बोगस दावे येतात, म्हणून तपासावे लागते, असे उत्तर मिळते. तपासा ना! पण नावातली तफावत हप्ता घेताना का दिसत नाही? आणि तपासाला मुदत नको का? कोविडच्या काळात, 2021 मध्ये, केंद्राने या योजनेसाठी बँकेला 7 दिवस आणि विमा कंपनीला 7 दिवस अशी मुदत ठरवली. आधी ती 30-30 दिवसांची होती. आम्ही पाच महिने मोजतो आहोत.

बाबासाहेबांनी 1947 मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात विमा हा राज्याचा एकाधिकार असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या वेतनाच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा असावा, अशी मागणी केली. खासगी कंपनीपेक्षा राज्याच्या विम्यात माणूस अधिक सुरक्षित राहतो आणि नियोजनासाठी राज्याला पैसाही मिळतो, ही त्यांची दोन कारणे. 1 सप्टेंबर 1956 ला आयुर्विमा महामंडळ सुरू झाले. त्यानंतर दीड महिन्याने, 14 ऑक्टोबरला, आपल्या नागपुरात धम्मदीक्षा झाली. पुढे हे क्षेत्र खासगी कंपन्यांना पुन्हा खुले झाले. बाबासाहेबांना विमा नागरिकाच्या सुरक्षेसाठी हवा होता. आजच्या योजनेत हप्त्याची शिस्त पक्की आहे आणि सुरक्षेसाठी मात्र चकरा आहेत.

थोडे आपल्याबद्दलही. मागच्या वर्षी आम्ही एका घरी पुण्यानुमोदनाला गेलो, जेवलो, आलो. दीड वर्षाने त्या घरातल्या मुलाने जुने पासबुक दाखवले, त्यात हीच नोंद होती. आम्ही सुशिक्षित कार्यकर्ते, पण त्या दिवशी पासबुक पाहावे हे एकालाही सुचले नाही. ते घर तर आपण कशाची वाट पाहतो आहोत हेही न कळता थांबले होते! जयंतीच्या वर्गणीची वही आपल्याकडे चोख असते. वस्तीत कोणाचा विमा आहे आणि वारस म्हणून कोणाचे नाव लावले आहे, याची वही कोणत्या विहारात आहे?

अर्ज दिला की तारखेची पोच घ्या, तोंडी नकार ऐकून परत येऊ नका. 5 लाखांपर्यंतच्या प्रकरणाला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही आणि वकीलही सक्तीचा नाही.

वहिनींच्या पहिल्या अर्जाची पोच आम्ही घेतली नव्हती. ती चूक आमचीच. सोमवारी बारावी चकर आहे. या वेळी लेखी पत्र नेत आहोत, आणि ‘वर’ म्हणजे कोणते कार्यालय, कोणत्या तारखेला आणि कोणत्या जावक क्रमांकाने पाठवले, एवढेच त्यात विचारले आहे.